वेल्डरच्या डोळ्यातले भिंग

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. चष्म्याचे नव्हे, एका वेल्डरच्या उजव्या डोळ्यात, बाहुलीच्या मागे माझे घर आहे. सध्या जीव मुठीत धरून बसले आहे, कारण उद्या मला इथून काढणार आहेत.

मी घडले वेल्डरच्या आईच्या पोटात. तेव्हाच्या पेशी अजून माझ्या मधोमध आहेत. कातडी जुने टाकून नवे घेते, माझ्या नशिबी ती चैन नाही. माझ्यावर पडलेला डाग जन्माचा. म्हणून मी पहिल्यापासून भित्रे.

भीती कुणाची, तर मुक्त मूलकांची. इलेक्ट्रॉन जोडीने राहतात, पण मूलकातला एक एकटा पडलेला असतो. जोडी जुळवायला ते मूलक शेजाऱ्याचा इलेक्ट्रॉन ओढते. मग लुटलेलाच लुटारू होतो! नुसता श्वास घेतला तरी ती थोडी जन्मतातच. प्रखर उजेडाने आणि विडीच्या धुराने त्यांना ऊत येतो. माझे राखणदार, म्हणजे अँटिऑक्सिडंट, त्यांना आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकतात, तरी स्वतः बिथरत नाहीत. काही राखणदार शरीरच बनवते, काही फळभाज्यांतून येतात.

तरुणपणी ते पुरून उरले. जोडकाम पाहून गिऱ्हाइके म्हणत, "काय नजर आहे!" मी फुगून जाई.

पण वेल्डरला एक खोड होती. लांब जोड देताना तो काळ्या काचेचा मुखवटा लावी. दोन तुकडे जागेवर धरण्यापुरता टाका मारायचा असला, की मुखवटा भिंतीवरच्या खिळ्यालाच. "एका टाक्याला काय होतंय?" म्हणत तो डोळे किलकिले करी आणि ठिणगी पाडी. दिवसभर टाकेच टाके, वर विडी! राखणदार थकत गेले. माझी प्रथिने उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी गढूळली. त्याला दिव्याभोवती कडी दिसू लागली, तर पठ्ठ्याने दिवेच बदलले. नाचता येईना, अंगण वाकडे!

डॉक्टरीणबाईंनी मोतीबिंदू सांगितला.

"गाजरं खाऊन जाईल का हो?"

"आता नाही. डावा डोळा तेवढा सांभाळा."

आज दुपारी त्याच्या मुलीने फाटकाची चौकट जुळवली. हातात रॉड घेतला, मुखवटा मात्र खिळ्याला.

"बाबा, एकच टाका आहे," ती म्हणाली आणि डोळे किलकिले केले. हुबेहूब बापासारखे.

तिच्या डोळ्यांतली भिंगे अजून नितळ आहेत.

"थांब!" वेल्डर ओरडला. धडपडत तो खिळ्यापर्यंत गेला आणि मुखवटा आणून तिच्या तोंडावर बसवला. "हे मीच शिकवलं तुला. विसर आता."

"अन् तुमचं काय?"

तो पाठ फिरवून उभा राहिला. मग ठिणगी पडली.

मित्रांनो, राखणदार थकले तरी ओरडत नाहीत. कळते तेव्हा उशीर झालेला असतो. माझ्या जागी उद्या नवे भिंग बसेल. मी नसेन. त्याची मुलगी रॉड उचलेल तेव्हा भिंतीवरचा खिळा रिकामा आहे ना, एवढे कुणी पाहाल का?