एकोणीसचा पंखा

आमच्या ह्यांचा मोठ्या आकड्यांवर फार जीव. दुकानदाराने बोटीसाठी सतरा आणि एकोणीस पिचचे दोन पंखे पुढ्यात ठेवले, तर ह्यांनी एकोणीसच उचलला. पिच म्हणजे पंख्याने एका फेरीत किती पुढे सरकायचं, ते माप. मोठा पिच म्हणजे जास्त वेग, एवढंच ह्यांच्या डोक्यात पक्कं. मी म्हटलं, "अहो, आपली बोट माणसं वाहते. भरलेली गाडी चौथ्या गियरवर चढ चढेल का?" तर म्हणे, "तुला त्यातलं काय कळतंय?" बोट मी चालवते. रोज. पण जाऊ द्या.

आठवड्याने तपासनीस यायचे होते. भरल्या बोटीत पूर्ण रेस दिल्यावर इंजिनाचे फेरे ठरलेल्या मापात आले नाहीत, तर उतारू नेण्याची परवानगी गेली, की बोट धक्क्याला बांधून आम्ही हात चोळत बसायचं. आणि हे रोज एकटेच चक्कर मारून येऊन सांगत, "उडते नुसती!" रिकामी बोट उडणारच! तिला कुठे सासरची माणसं न्यायची होती?

शेवटी तपासणीच्या आदल्या दिवशी मी हट्टच धरला आणि घरचे सगळे बोटीत भरले. सासूबाई, दीर, नणंदा, त्यांची पोरंबाळं. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा मागे, इंजिनाजवळ. तो बघायला, म्हणजे मला शिकवायला, सगळे मागेच दाटले. मी पूर्ण रेस दिली, तर बोटीचं नाक आभाळाकडे आणि काटा जागचा हलेना.

"पंखा उलटा बसवलाय," दीर म्हणाले.

"तेलच कमी असेल," नणंद म्हणाली.

"सल्ले देणाऱ्यांनी पुढे जाऊन बसा!" मी ओरडले. कुरकुरत गेले. बोट सरळ झाली, काटा चढला, पण मापाच्या खालीच अडकला. इंजिन धापा टाकत होतं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. "थोडं चालवून बघू, मोकळं होईल," हे पुटपुटले.

"काय मोकळं होईल? आपली परवानगी?" माझा आवाज फाटला. "उद्या बोट थांबली, तर आपण करायचं काय, सांगा ना!"

सासूबाई ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "बसव रे बाबा तिचा सतराचा एकदाचा."

संध्याकाळीच ह्यांनी दुकानातून सतराचा बदलून आणून बसवला. सकाळी तपासनीसांनी बोट उतारूंनी भरायला लावली. मी रेस दिली. काटा सरसर चढला आणि हवा तिथे थांबला.

"पंखा अगदी बरोबर निवडलाय," परवानगीवर सही करत तपासनीस म्हणाले. "कोणी निवडला?"

हे पुढे झाले. आता 'मी' म्हणणार, हे मला ठाऊक होतं. त्यावर माझं उत्तर जिभेवर तयार होतं.

"हिने," हे म्हणाले. "मी शेवटपर्यंत नाही म्हणत होतो."

एवढ्या लोकांसमोर, तेही छाती पुढे काढून! माणूस धड भांडूही देत नाही.