दादाचं मॉड्यूल निघत नाही

धाकट्याचा धंदा नातेवाइकांना कधी कळला नाही. "कॉम्प्युटरचं पॅकिंग करतो," एवढं सासरी ठाऊक होतं, आणि मग खोकी कुठे ठेवतो हे विचारणं त्यांनी सौजन्याने टाळलं होतं.

तसं ते पॅकिंगच. कॉम्प्युटरच्या मुळाशी कर्नल नावाचा एक खडूस कारभारी बसलेला असतो. अमुक प्रकारची डिस्क कशी वाचायची, हे त्याला मॉड्यूल नावाचा एक तुकडा शिकवतो. कारभारी सारखा बदलतो, आणि नवा आला की जुन्याच्या माणसांना ओळख दाखवत नाही. मग सगळी मॉड्यूलं पुन्हा बांधायची, पॅकेजात भरायची, आणि त्याआधी व्हर्च्युअल मशीनमध्ये तपासायची. व्हर्च्युअल मशीन म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला खोटा कॉम्प्युटर. तो मेला तर कुणी सुतक पाळत नाही.

तपासणी सोपी. मॉड्यूल आत घाला, कोरी डिस्क उघडा, बंद करा, मॉड्यूल बाहेर काढा. मुकाट बाहेर आलं, तर पॅकेजात जागा.

त्यातलं एक मॉड्यूल दादाचं, म्हणजे धाकट्याच्या थोरल्या भावाचं. डिस्कवर माहिती मांडायच्या जगातल्या सगळ्या पद्धती दादाला चुकीच्या वाटत, म्हणून त्याने स्वतःची लिहिली. ती दोघांनी वापरली: एक तो, दुसरी वहिनी, तिला कुणी विचारलं नव्हतं. स्वतःच्या कामावर त्याचाही भरवसा नसावा, कारण घरी त्या पद्धतीची आपली डिस्क तो खोट्या मशीनमध्येच उघडायचा.

दादा जाऊन वर्ष झालं. त्याच्या आवाजाची सगळी रेकॉर्डिंगं त्या डिस्कवर आहेत. वहिनीची मशीन बदलली, नवा कारभारी आला, आणि डिस्क उघडेना.

"आजच्या पॅकेजात बसलं तर बसलं," विभागाच्या मॅडम म्हणाल्या. "नाहीतर कायमचं वगळू. वापरतं कोण ते?"

"माझी वहिनी."

"एका वहिनीसाठी दुकान चालत नाही हो."

त्यांच्या शिक्क्याशिवाय नवा कारभारी काहीच आत घेत नसे, त्यामुळे चोरवाटही नव्हती. दुपारी वहिनी स्वतःच ऑफिसात आली आणि मांडीवर पर्स घेऊन धाकट्याच्या शेजारी बसली.

कोरी डिस्क उघडली. आत काही नव्हतं. पण मोकळी जागा कमी दिसत होती. धाकट्याने दुसरी कोरी डिस्क घेतली. तिच्यात आणखी कमी. खोलीत सामान दिसू नये आणि तरी चालताना गुडघा आपटावा, तसं.

त्याने डिस्क बंद केली आणि मॉड्यूल काढायला सांगितलं.

"निघतो," पडद्यावर उमटलं.

ही दादाची जुनी थट्टा. मॉड्यूल बाहेर पडलं की शेवटी हा शब्द उमटे. आज शब्द उमटला आणि खाली दुसरी ओळ आली: मॉड्यूल वापरात आहे. वापरणारे: एक.

"कोण वापरतंय?" वहिनीने विचारलं.

"कुणीच नाही. डिस्क बंद आहे."

धाकट्याने ती मशीन पुसून टाकली आणि नवी उभी केली. हिच्यात त्याने अजून काहीच घातलं नव्हतं. यादी पाहिली, तर दादाचं मॉड्यूल आधीच येऊन बसलेलं. काढायला सांगितलं.

"निघतो."

आणि वापरणारे, एक.

धाकट्याने खुर्ची थोडी मागे घेतली. शेजारच्या टेबलावर कुणीतरी शिंकलं, तेवढाच काय तो आधार.

वहिनी मात्र पडद्याकडे ओळखीच्या माणसाकडे पाहावं तशी पाहत होती.

"चपला घालून दारात तासभर उभे राहायचे," ती म्हणाली. "निघतो, निघतो. तुम्ही त्यांना जायला सांगताय ना, भाऊजी?"

"सांगतोय म्हणजे, तशी आज्ञाच असते."

"मग कसले जातात. जा म्हटलं की ह्यांना काहीतरी आठवायचं. सरका जरा."

तिने डिस्क उघडायला लावली आणि एका बोटाने तिच्यात ओळ लिहिली: बसा हो, घाई कुणाला आहे?

डिस्क बंद झाली. धाकट्याने पुन्हा आज्ञा दिली. या खेपेला पडद्यावर काही उमटलं नाही. यादीतून मॉड्यूल नाहीसं झालं होतं.

दादा खरोखर निघायचा तेव्हा सांगून निघत नसे. गेल्या वर्षीही सांगितलं नव्हतं.

वहिनीने पर्सची चेन उगाच उघडली, उगाच लावली. मॅडमनी शिक्का दिला. पॅकेज गेलं.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"उघडली डिस्क. सगळे आवाज आहेत."

"सुटलो," धाकटा म्हणाला. "आता एक साधी परीक्षा. मॉड्यूल एकदा काढून परत घाला. निघतंय ना बघू."

पलीकडून एका बोटाने कळा दाबल्याचे आवाज आले.

"भाऊजी, 'निघतो' आलंय. आणि मोकळी जागाही कमी दाखवतेय. मघाशी डिस्क उघडली तेव्हा होती त्याहून."

"वहिनी, मग लगेच ती ओळ लिहा. 'बसा' म्हणा."

"नाही," वहिनी हळू आवाजात म्हणाली, शेजारी कुणी ऐकत असावं तशी. "मी काही त्यांना बसा म्हणणार नाही."