ओठ न हलवता

“मॅडम, तो आरसा झाकावा लागेल.”

लॅपटॉपमधला पर्यवेक्षकाचा आवाज तरुण होता आणि सकाळपासून हीच वाक्यं बोलून कंटाळलेला. तिने पलंगावरची चादर ओढली आणि कपाटाच्या आरशावर टाकली. मग लॅपटॉप उचलून चारी भिंती दाखवल्या, छत दाखवलं, टेबलाची खालची बाजू दाखवली. टेबलावर फक्त पाण्याचा काचेचा ग्लास होता. तेवढाच चालतो.

“घरात आणखी कुणी?”

“नाही. नवरा बाहेर जिन्यात बसलाय.”

“बसू द्या. आवाज नको, नजर स्क्रीनवरून हलायला नको, पाणी पिण्याखेरीज हात तोंडाजवळ न्यायचा नाही. दोनदा समज देतो. तिसऱ्यांदा परीक्षा रद्द होते.”

“कळलं.”

नवरा जाताना म्हणाला होता, “दोन तास हद्दपार! इतक्या वर्षांत पहिल्यांदा घराबाहेर काढतेयस, तेही कुणा परक्याच्या सांगण्यावरून.” तिला हसू आलं नव्हतं. आठवड्यातून दोनदा त्याचं डायलिसिस व्हायचं, ते तिच्या ऑफिसच्या विम्यावर. आणि सोमवारी ऑफिसात कामावरून काढायच्या माणसांची यादी निघणार होती. नवं प्रमाणपत्र नसलेल्यांची. नापास झालं तर पुन्हा बसायला चौदा दिवस थांबावं लागतं. म्हणजे जे काही होतं ते आजच होतं.

ऑफिसात तिला टेपताई म्हणत. बावीस वर्षं कंपनीची सगळी माहिती रोज टेपांवर उतरवून ठेवायची, आणि कुणाचं काही उडालं की परत मिळवून द्यायची, हे तिचं काम. प्रमाणपत्रं तिने आधीही घेतली होती, तीन. पहिलं ज्या यंत्राचं होतं ते बनवणारी कंपनीच बुडाली. दुसऱ्याची मुदत संपली. तिसरं ज्या प्रणालीचं, ती आता कुणी वापरत नाही. या वर्षी टेपाच जाणार होत्या. सगळं क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनवर. साहेब म्हणाले, “एखादं नवं प्रमाणपत्र घ्या, म्हणजे मला वर काही बोलता येईल.”

“कुठलं घेऊ, साहेब?”

“तुमच्या आवडीचं घ्या हो.”

आवडीचं! जणू ती कापड निवडायला गेली होती. शेजारच्या टेबलावरची धाकटी पाच प्रमाणपत्रं बाळगून होती. ती म्हणाली, “सिक्युरिटी करा ताई. त्याला मरण नाही.” ताईने सहा आठवडे सिक्युरिटी केली. मग लिफ्टमध्ये साहेब सहज बोलून गेले, की सिक्युरिटीची माणसं बाहेरूनच घेणार आहेत. सहा आठवडे पाण्यात. क्लाउडकडे वळली, तर तिथेही पायाभूत परीक्षा द्यावी की मधल्या पातळीची? पायाभूत तिला जमली असती. धाकटी म्हणाली, “ती कॉलेजातली पोरं देतात. तुम्ही ती दाखवली तर उलट हसतील.” मग मधली. हातात नऊ आठवडे उरले होते, त्यातला निम्मा अभ्यास तिने डायलिसिसच्या खोलीत नवऱ्याच्या पलंगाशेजारी केला.

पासष्ट प्रश्न, एकशे तीस मिनिटं. पहिले आठ तिला येत होते. नुसते येत नव्हते, ओळखीचे होते. शब्द नवे, पण माहिती कुठे ठेवायची, किती प्रती करायच्या, आधी काय परत आणायचं, हे सगळं ती जन्मभर करत आली होती. ती खुर्चीत जरा मागे टेकली. नववा प्रश्न ती वाचत होती.

“मॅडम, तुम्ही बोलताय. ही पहिली समज.”

“मी? नाही हो.”

“ओठ हलतायत. आवाज येतोय.”

आणि मग तिच्या लक्षात आलं. सर्व्हर रूममध्ये ती आणि तिचे जुने सहकारी नाना असे दोघंच असत. एकदा नानांनी भलत्याच मशीनवर पुसण्याची आज्ञा दिली आणि ग्राहकांच्या तीन वर्षांच्या नोंदी गेल्या. त्या परत मिळवायला दोघांना अकरा दिवस लागले. त्यानंतर त्यांनी आपसात नियम केला: एंटर दाबण्याआधी ओळ मोठ्याने वाचायची, मशीनच्या नावासकट. दुसऱ्याने ऐकून “हो” म्हणायचं, मगच बोट खाली. नाना निवृत्त झाले तरी ती एकटीच वाचत राहिली. तिच्या हातून कधी काही उडालं नाही, ते याच्यामुळे.

तिने ओठ घट्ट मिटले. पण तोंड बंद झालं की डोळेही अडायचे. एकच ओळ चारदा वाचायची, आणि शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात निसटलेली. पंधरावा प्रश्न. सतरावा. घड्याळ पळत होतं.

“मॅडम, ओठ परत हलतायत. दुसरी समज. आता पुढे मला काही करता येणार नाही.”

“मी कुणाशी बोलत नाहीये. मला सवय आहे हो, कामाची. ऐका ना…”

“मॅडम, बोलू नका.”

तिने ग्लास उचलला, मोठा घोट घेतला आणि गिळला नाही. तोंडात पाणी धरून प्रश्न वाचला. जीभ हलेना. शब्द आतल्या आत घुमले, पण घुमले. उत्तर सापडलं. पुढचं सापडलं. गाल दुखायला लागले की गिळायचं, नवा घोट घ्यायचा. नवऱ्याला दिवसाला मोजकं पाणी पुरवावं लागतं. इथे ती ग्लासातली रेघ तशीच बघत होती. एका घोटात तीन प्रश्न. कधी चार. तिसावा, चाळिसावा. एकोणपन्नासाव्याला ग्लास रिकामा झाला.

तिने जीभ दातांत धरली. पन्नास. एक्कावन्न. तोंडाला रक्ताची चव आली. चौदाच राहिले होते आणि वेळही पुरेसा होता.

बावन्नाव्या प्रश्नात एक माणूस जुनी प्रत परत आणत होता. चार पर्याय होते. दुसऱ्या पर्यायात चालू मशीन आधी पुसून मग प्रत आणायची होती, आणि प्रत शाबूत आहे का ते कुणीच पाहिलं नव्हतं.

“थांब,” ती म्हणाली. “मशीन कुठलं?”

स्क्रीन पांढरी झाली. मधोमध दोन ओळी आल्या: परीक्षा रद्द करण्यात आली आहे. आपला अनुभव कसा होता ते जरूर कळवा.

“अहो,” ती पांढऱ्या पडद्याला म्हणाली. “भाऊ. ऐका. मला येत होतं. तुम्ही तोंडी विचारा हवं तर, आत्ता विचारा. एकदा विचारून तर बघा.”

पलीकडे कुणी नव्हतं.

नवरा आत आला तेव्हा ती तशीच बसली होती. “चाळीस मिनिटं आधी? हुशार आहेस,” तो म्हणाला आणि मग त्याला तिचं तोंड दिसलं. वर्तमानपत्राची घडी घातली, परत उलगडली. “बरं,” म्हणाला. “बरं. बघू आपण.”

“काय बघू?”

त्याने कपाटाच्या आरशावरची चादर काढली.

सोमवारी साहेबांनी दार लावून घेतलं. “माझ्या हातात असतं तर, ताई… बरं, परीक्षेचं काय झालं नेमकं?”

“रद्द झाली. बोलले म्हणून.”

“कॉपी?” साहेबांनी आवाज खाली आणला.

“नाही.” याहून जास्त सांगायला तिच्यात त्राण नव्हतं. “विमा कधीपर्यंत?”

“महिनाअखेर. मी विचारून पाहिलं, खरंच. तेवढं जरा कामाचं सगळं लिहून द्या. म्हणजे मागे कुणाचं अडायला नको.”

“कुणाला समजावून सांगू?”

“लिहून ठेवा फक्त. खोली रिकामीच करायचीय.”

तिने तीन आठवडे लिहिलं. कुठल्या कपाटात कुठल्या वर्षाच्या टेपा, कुठली टेप वाचताना अडखळते, कुठल्या पंख्याचा आवाज बदलला की काय समजायचं. मधेच उठून विम्याच्या माणसाला, दवाखान्याच्या काउंटरला, धाकटीने दिलेल्या दोन नंबरांना फोन करायची, आणि परत येऊन जिथे थांबली तिथून पुढे लिहायची. बहात्तर पानं झाली. शेवटच्या दिवशी तिने ती साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेब फोनवर होते. त्यांनी बोटानेच कोपऱ्यातला ढीग दाखवला. तिने त्या ढिगावर पानं ठेवली.

लिफ्टचं दार उघडलं, आणि ती आत न जाता मागे फिरली. साहेब अजून फोनवरच होते. ढिगावर आता कुणाचा तरी जेवणाचा डबा होता. तिने तो बाजूला केला, चौदावं पान काढलं आणि टेपांच्या कपाटाचं तापमान चुकून अठरा लिहिलं होतं ते खोडून एकोणीस केलं. शेजारी सही केली, तारीख घातली. पान जागच्या जागी सरकवलं, आणि डबा पुन्हा होता तसा वर ठेवला.