मिलिटारिस, त्याचं आणि तिचं

मी मिलिटारिस बोलतोय. बोलतेय म्हटलं तरी चालेल, मला दोन्ही चालतं. मी लॅटिन भाषेतलं विशेषण आहे. त्या भाषेत सैनिकाला मिलेस म्हणायचे, त्याच्यापासून माझा जन्म. अर्थ सरळ आहे, सैनिकी.

माझी भाषा आता घरात कुणी बोलत नाही. पण झाडं, बुरशी यांच्या शास्त्रीय नावांत माझं बरं चाललंय. जळगावात एका थंड खोलीत नारिंगी मशरूम वाढवतात. त्याच्या बाटलीवर छापलंय, कॉर्डिसेप्स मिलिटारिस. दिपमाला दिवसभर ही लेबलं चिकटवते. तिचा अंगठा माझ्यावरून फिरतो, म्हणून तिचा घोर मला कळतो. तिच्या किरणला, पाचवीतल्या पोरीला, सैनिकी शाळेत जागा मिळालीये. उद्या हो की नाही ते कळवायचंय. तिकडं वसतिगृहात पोरीला ताप आला तर? या विचारापाशी आली की तिचा अंगठा थांबतो.

त्या दिवशी किरण शाळेतून थेट तिथंच आली. मालकीण रूपलताईंना विचारते, "मिलिटारिस म्हणजे मिलिटरी का?"

"हो, सैनिकी."

"तो की ती?"

"दोघांना तेच. मुलगा असो, मुलगी असो, मिलिटारिस. फक्त 'ते' असलं तर मिलिटारे."

वाकडं छापलेलं एक लेबल किरणनं दप्तरावर चिकटवलं आणि मला घरी नेलं. घरी तिच्या आजी मंजुळाबाई भाकरी थापत होत्या. त्यांच्या अहिराणीत पोऱ्या म्हणजे मुलगा, पोर म्हणजे मुलगी, शे म्हणजे आहे.

"सैनिकी शाळा पोऱ्यासनी शे. पोर तठे काय करी?"

"आजी, शूर पोऱ्या म्हनतस. मंग पोरले काय म्हनशी, शुरी?"

"शुरी? आसं कोनी बोलस का, येडी?"

"मंग सैनिकीबी तसंच शे."

मंजुळाबाईंनी सुनेकडं बघितलं. "तुनी पोर वकील व्हई. आते तूच सांग माय, मी काय बोलू?"

सासू नको म्हणते, हे कारणही आता उरलं नाही. दिपमाला किरणला म्हणाली, "ताप आला तर लगेच फोन करायचा."

"आला तर करीन. उगाच नाही करणार."

सकाळी दिपमालानं शाळेला फोन लावला. म्हणाली, "किरण येतेय."

तिचा घोर गेलेला नाही. घोरासकट तिनं होकार दिला.

मी अजून त्या दप्तरावर आहे, कडा थोडी सुटलीये. तुमच्या घरातही अशी एखादी पोर असेल. तिच्या नावापुढं मला लावा. माझा काना बदलावा लागत नाही, वेलांटीही नाही. आहे तसंच मी तिला बसेन.