जेवायच्या वेळची चौकट

नव्याण्णव साली सुरतेच्या उधना भागातल्या पंडितभाईंनी आपल्या कॉम्प्युटर क्लासमधल्या एका मशीनला इंटरनेट जोडलं. प्रज्ञा तिथे शिकवायची. सकाळची बॅच सुटली की दुपारची बॅच येईपर्यंत ते मशीन रिकामं असायचं.

एकदा तिची आई घराची किल्ली द्यायला क्लासवर आली. शकू तिचं नाव. मूर्तिजापूरकडची, लग्न करून सुरतेला आली, आणि साड्यांना टिकल्या लावण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं. प्रज्ञाने तिला सहज म्हणून जपानमधल्या एका बुद्धमूर्तीचा फोटो उघडून दाखवला. तेव्हा फोटो एकदम यायचा नाही. वरून पट्टी पट्टी खाली उतरायचा. आधी केसांचा बुचडा दिसला, मग कपाळ, मग मिटल्यासारखे डोळे. शकू पदर तोंडाशी धरून बघत राहिली.

"असे अजून हायेत का वं?" तिने विचारलं.

"पुष्कळ आहेत, आई."

दुसऱ्या दिवसापासून ती रोज यायला लागली. श्रीलंका, ब्रह्मदेश, सांची, कुठली कुठली मूर्ती. माऊस धरायला ती दोन दिवसांत शिकली. पंडितभाई म्हणाले, "बसा ना मावशी, मशीन काय रिकामंच पडतं."

शकूला साखरेचा आजार होता. सकाळी गोळी घेतली की दुपारी वेळेवर जेवण पोटात जायलाच हवं, नाहीतर साखर एकदम उतरते. पण समोर अर्धी मूर्ती उतरलेली असताना उठायचं कसं? एक दिवस ती अशीच बसून राहिली आणि तिला दरदरून घाम फुटला. हात कापायला लागले. प्रज्ञा दुसऱ्या खोलीतून आली तोवर तिचं डोकं कीबोर्डवर टेकलं होतं. पंडितभाई धावत शेजारच्या चहावाल्याकडून मूठभर साखर घेऊन आले. ती तोंडात गेल्यावर हळूहळू शकूने डोळे उघडले.

"फोटो आला का पुरा?" तिचा पहिला प्रश्न.

घरी शकूच्या नवऱ्याने, श्रीपतने, हे ऐकलं आणि त्याचा आवाज चढला. "उद्यापासून ते मशीन बंद." तो लूमच्या कारखान्यातून नुकताच निवृत्त झाला होता, दिवसभर घरीच असायचा. शकूचं तोंड एवढंसं झालं. प्रज्ञाला ते बघवेना.

"बाबा, बंद नको. मी काहीतरी करते," ती म्हणाली.

तिने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. इंटरनेट उघडलं की तो आपोआप मागे चालू व्हायचा, आणि जेवायची वेळ झाली की चित्राच्या मधोमध एक चौकट आणायचा. मराठी फाँट टाकून तिने त्यात लिहिलं, 'जेवणाची वेळ झाली.' खाली एक बटण.

शकूला बटण लगेच कळलं. चौकट आली की ती दाबून मोकळी. थोड्या वेळाने परत यायची, परत दाबायची. "थांब वं, हात उतरू दे मूर्तीचे," ती चौकटीलाच सांगायची.

प्रज्ञाने शेवटी वडिलांना विचारलं, "आई कशाने उठेल हो?"

श्रीपतने बराच विचार केला. "माह्यं ती कधी ऐकत नाही. पण मी उपाशी हाय म्हटलं का हातातलं काम टाकते."

"मग तसंच लिहू? काय लिहू सांगा."

तो लाजला. मग भिंतीकडे बघत म्हणाला, "लिही, शकू, मी जेवायचा थांबलो हावो."

प्रज्ञाने मान वर केली. घरात तो नेहमी 'प्रज्ञाची माय' म्हणायचा. नाव घेऊन बोललेलं तिने कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौकट आली. शकूने बटण दाबायला माऊस नेला, आणि तिचा हात थांबला. एकेक अक्षर लावत तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं. कानापर्यंत लाल झाली, इकडेतिकडे बघितलं, आणि चपला घालून निघाली.

घरी येऊन बघते तर श्रीपत ताटावर बसलेला, हातात भाकरीचा तुकडा, अर्धी भाजी संपलेली.

"थांबले होते म्हणे!" शकू दारातूनच म्हणाली. "मशीन खोटं बोलते का तुम्ही?"

श्रीपतचा घास तोंडात तसाच राहिला. "ते... मले वाटलं, तू काय येत नाहीस."

"मी पयत आली वो!"

ती हसायला लागली, तोही हसला. हसता हसता तिने उरलेली भाजी आपल्या ताटात ओढून घेतली. पण त्याला ते लागलंच. लेकीच्या हातून आपण खोटं लिहवून घेतलं, हे त्याला बरं वाटेना. दुसऱ्या दिवसापासून तो खरोखरच थांबायला लागला. नुसतं थांबून भूक फार लागते, म्हणून हातासरशी भात टाकायला शिकला. सुरुवातीचा भात चिखल झाला. शकूने तो नाव न ठेवता खाल्ला, आणि मग शेजारच्या कलाबाईंना हौसेने सांगून आली. पुढच्या वेळी डॉक्टरांनी साखर तपासली आणि म्हणाले, "आता बरं आहे. वेळेवर जेवता वाटतं?"

दिवाळीच्या आसपासच्या एका रविवारी क्लास बंद होता. शकू बुद्धविहारात वंदनेला गेली होती. बाहेरगावचे भंते आले होते, कार्यक्रम लांबला. तिथल्या बायांनी तिला आग्रहाने थोडी खीर दिली, म्हणून तिला भोवळ आली नाही, पण घरी यायला बराच उशीर झाला. दोन ताटं मांडलेली होती, जेवण झाकून ठेवलेलं होतं आणि श्रीपत बाजेवर पडून छताकडे बघत होता.

"जेवले काऊन नाही?" शकूने विचारलं. "आज तर मशीन नव्हतं."

"मशीनचं काय त्यात," तो उठत म्हणाला. "मी थांबतो म्हटलं ना तुले."

शकूने हातपाय धुतले आणि समोर बसली. तिने त्याच्या ताटात आधी भाजी वाढली, मग जरा जास्तच वरण. त्याला इतकी भूक लागली होती की तो मान खाली घालून भराभर जेवू लागला.