नेलफ्रीच्या नावाचा हातमोजा

मित्रांनो, माझ्या मनगटावर लाल दोऱ्याने एक नाव शिवलेले आहे: नेलफ्री. मी बेसबॉलचा एक जुना हातमोजा. चार देश पाहिले, पण ज्याचे नाव मिरवले त्याचा हात मला लाभला नाही.

आमचे गाव डोमिनिकन देशातले, उसाच्या फडांमधले. तिथे पोरगा नीट बोलायच्या आधी चेंडू फेकायला लागतो. मी घरी आलो तेव्हा नेलफ्री सोळाचा होता. आईने माझ्यावर त्याचे नाव शिवले. तो रोज मला खोबरेल चोळी, पोटात चेंडू ठेवून दोरीने आवळी आणि गादीखाली घालून वर झोपे. कातडे त्याच्या हाताला बसावे म्हणून. मी नुकता कुठे त्याचा होऊ लागलो होतो.

त्याच खाटेवर थोरला लेओकादिओ झोपे. तो एकोणीसचा. परदेशी संघांना सोळा-सतराची पोरे लागतात, एकोणीस म्हणजे म्हातारा. पोरांना तयार करणारा उस्ताद चेपे अंगणात कॉफी पीत आईला म्हणाला, "थोरल्याचा हात सोन्याचा आहे बाई, पण वय झालं. धाकट्याचं नाव आणि जन्मतारीख लावू त्याला. गावात हे काय पहिल्यांदा होतंय?"

आईने नेलफ्रीकडे पाहिले. "तुझं पुढं बघू, बाळा."

नाव थोरल्याकडे गेले, म्हणून नावाबरोबर मीही त्याच्याकडे गेलो.

अमेरिकेतल्या आडगावांचे संघ, मग मेक्सिको, मग तैवान. भोंग्यावरून नेलफ्रीचे नाव पुकारले जाई, लोक उठून टाळ्या वाजवत. लेओकादिओ मात्र चेंडू फेकण्याआधी माझ्याआड तोंड लपवी. लोकांना वाटे, प्रार्थना करतोय. मला ऐकू येई. तो स्वतःचेच नाव पुटपुटत असे, विसरू नये म्हणून. फार वाईट वाटे मला.

इकडे नेलफ्री संघांच्या दारात गेला की उत्तर मिळे, या नावाचा, या जन्मतारखेचा पोरगा आधीच अमेरिकेत खेळतोय. चेपेने पुन्हा तोंड दाखवले नाही. शेवटी नेलफ्री मोटारसायकलवरून भाड्याने गिऱ्हाइके पोचवू लागला.

लेओकादिओचा खांदा कायमचा निखळला तेव्हा आम्ही परतलो. थांब्यावर नेलफ्रीच घ्यायला आला. आंब्याखाली डॉमिनो खेळणारा एकजण म्हणाला, "बघा रे, नेलफ्री नेलफ्रीला घेऊन चाललाय. भाडं कोण कोणाला देणार?" सगळे हसले. ते दोघे हसले नाहीत.

घरी आल्यावर लेओकादिओने मला पुढे केले. "घे. तुझाच आहे."

नेलफ्रीने आत हात घातला. मी खूप प्रयत्न केला. पण माझे कातडे थोरल्याच्या रुंद पंज्यावर बसले होते, आणि कातडे एकदाच हात शिकते. त्याची बोटे आत नुसती चाचपडत राहिली. मग त्याने हळूच हात काढून घेतला.

"नाव माझं आहे, दादा," तो म्हणाला. "पण हात तुझा बसलाय."

बाहेर जाऊन त्याने मोटारसायकल सुरू केली.

आता मी खिळ्याला टांगलेला आहे. माझ्या वाद्या झुरळे कुरतडतात. जाता-येता नेलफ्री कधीतरी माझ्यावरचा विटलेला दोरा अंगठ्याने पुसतो, पण खाली काढत नाही. मित्रांनो, मला आता खोबरेल नको. तुमच्या घरात एखादा नवा हातमोजा असेल, तर तो ज्याचा आहे त्याला आधी खेळू द्या.