आठ बोटांचे खूर

आषाढ पौर्णिमेच्या सकाळी माझ्याखाली एकेचाळीस वस्तू होत्या. लोखंडी ट्रंका दोन, पाण्याचा पितळी गुंड एक, बंद पडलेला टेबलफॅन एक, गोधड्या आणि ब्लँकेटे मिळून नऊ, स्टीलचे डबे चौदा, पोस्टाच्या खाकी पिशव्या तीन, चपलांचे जोड पाच, छत्र्या पाच (त्यांपैकी उघडणारी एक) आणि किल्ली नसलेले कुलूप एक.

मित्रांनो, या सगळ्यांवर छप्पर धरून उभा असलेला मी जुना सागवानी पलंग. वय तेहतीस वर्षे, गाव नाचणगाव. बंडूजी सुतारांनी मला अकरा दिवसांत घडवले. माझे खूर, म्हणजे पाय, साठ सेंटीमीटर उंच होते. एवढा उंच पलंग आळीत दुसरा नव्हता. बघायला आलेले लोक म्हणत, "काहो बाबाराव, शिडी कुठं ठेवली?" पोस्टातले बाबाराव फक्त हसत.

त्यांची मुलगी जागृती माझाच खूर धरून उभे राहायला शिकली. गेल्या फाल्गुनात बाबाराव वारले. नंतर त्यांच्या पत्नी धुरपताबाई माझ्या डाव्या बाजूला झोपत आणि उजवी बाजू मोकळी ठेवत. ती जागा मी सांभाळत होतो.

त्या पौर्णिमेला बौद्धांचा वर्षावास सुरू झाला. आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने. धुरपताबाईंनी पांढरे लुगडे नेसले, मेणबत्ती लावली आणि आठ नियमांचे अष्टशील घेतले. दुपारी बारानंतर जेवण नाही, दागिना नाही, उंच बिछाना नाही. दर वर्षी त्या हे उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या, दिवशीच पाळत. महिन्यातून चारदा मी ते सहन करत असे. या वर्षी त्यांनी सलग तीन महिन्यांसाठी घेतले. मग त्यांनी माझ्याशेजारी चटई अंथरली.

चटई शिंदीच्या पानांची होती. जाडी चार मिलिमीटर. पाय नाहीत, फळी नाही, वय फार तर दोन वर्षे. सकाळी गुंडाळून दाराआड उभी केली की दिसतही नसे. अशा वस्तूवर धुरपताबाई झोपायच्या, तिच्यावरच बसून वंदना म्हणायच्या आणि उठल्यावर तिच्यावरून हात फिरवायच्या. तेहतीस वर्षांत माझ्यावरून असा हात फिरला नव्हता. माझ्यावरची फक्त धूळ पुसली गेली होती.

जागृती आता सावंगीच्या दवाखान्यात लॅबमध्ये काम करते. आईच्या शीलात तिने स्वतःची एक भर घातली. पौर्णिमा, अमावस्या आणि दोन अष्टम्या या प्रत्येक उपोसथाला माझ्याखालून वर्षभर हात न लागलेल्या वस्तू काढायच्या आणि ज्याला गरज आहे त्याला द्यायच्या. ब्लँकेटे विहारात गेली. डबे वसतिगृहातल्या मुलींना मिळाले. मी रिकामा होत होतो, आणि चटईपाशी तर द्यायला काही नव्हतेच. याचाही मला राग आला.

मात्र एक गोष्ट माझ्याकडे होती. सकाळी उठताना धुरपताबाई माझाच खूर धरत. त्यांचे गुडघे दुखत. उठायला लागणारा वेळ जागृती मोबाइलवर मोजून कॅलेंडरमागे लिहून ठेवी. पहिल्या दिवशी अडतीस सेकंद. श्रावण अमावस्येला एक मिनिट पाच. आकडा वाढला की मला आनंद होई. आत्मवृत्तात खोटे लिहू नये, म्हणून लिहितो. मला वाटे, अजून थोडे दुखले की येतील माझ्याकडे.

भाद्रपद अमावस्येला आकडा दोन मिनिटे दहा सेकंद झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या खुरावरून त्यांचा हात सुटला आणि त्या गुडघ्यावर आपटल्या. त्या दिवशी आकडा लिहिलाच गेला नाही. मित्रांनो, मला चटईचा विसर पडला.

"आई, बस झालं आता. पलंगावर झोप," जागृती म्हणाली.

"तीन महिन्याचं शील घेतलं हाये माय. गुडघ्याले इचारून नाई घेतलं."

"मग काय, मोडूनच घेशील काय पाय?"

"मोडला तं तुह्या दवाखान्यात येईन. वळख हाये म्हणून लवकर पायतील!"

जागृतीला हसू आले नाही. ती विहारात गेली आणि तिने भंतेंना सरळ विचारले, उंच म्हणजे नेमके किती? भंते म्हणाले, भिक्खूंच्या पलंगाचे खूर आठ बोटांहून उंच नसावेत असा नियम आहे. घरी येऊन तिने आईची आठ बोटे पट्टीवर ओळीने ठेवायला लावली. साडेतेरा सेंटीमीटर. मग तिने वाकून माझ्याखाली पाहिले. तिथे आता काहीच उरले नव्हते. एवढ्या उंचीची गरज कोणालाच नव्हती.

बंडूजी करवत घेऊन आले, पण हात चालेना. "वहिनी, बाबारावनं मले सांगून उंच करून घेतला होता. माह्या हातचं काम मीच कापू?"

धुरपताबाई चटईवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "बंडूजी, माह्या सासऱ्याले लोकायच्या दारी बाजेवर बसू देत नव्हते. म्हणून जागृतीच्या बाबानं पलंग एवढा उंच केला. ते उंची त्यायनं कमावली. आता ते माही हाये. माही हाये म्हणून तं मले सोडता येते. नसती, तं काय सोडलं असतं?"

बंडूजींनी करवत लावली.

मित्रांनो, घरातला जुना पलंग कधी कुरकुरला तर त्याच्या सांध्यात दोन थेंब तेल घाला आणि एकदा वाकून त्याच्याखाली बघा. एवढेच मागणे आहे.

माझी गादीही गेली. आता फळीवर चटई असते. माझ्यावर. तिचे वजन आठशे ग्रॅम आहे, ते मला जाणवते. उजवी बाजू अजून मोकळी असते.

आज सकाळी जागृतीने मोबाइल काढला. धुरपताबाईंनी पाय खाली सोडले, तळहात माझ्या कडेवर टेकवले आणि त्या उठल्या.

वेळ : नऊ सेकंद.